कळ्या धरल्यात, पण ही आमरी कुठली? (भुदरगडातल्या आंब्यावरची)

गच्चीवरची | ४ मे

नमस्कार मंडळी. भुदरगड तालुक्यात मामाच्या बांधावर जुना रायवळ आंबा आहे. मागं एका वळवात त्याची दांडगी फांदी मोडून पडली आणि फांदीवर ही आमरी, म्हणजे ऑर्किड, चिकटलेली होती. मामा फांदी सरपणाला तोडणार होता, मी सालीसकट तेवढा तुकडा करवतीनं कापून घेतला. तेव्हापासून राजारामपुरीतल्या घरी जिन्याच्या तोंडाशी पूर्वेच्या भिंतीवर टांगलाय. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, मग दिवसभर सावली. मुळं सुटली, पानं वाढली, पण फूल काही आलं नाही. त्यामुळं नाव काय ते कळायची सोयच नव्हती.

आज पाणी मारताना खालच्या एका पानाच्या बगलेत हिरवं टोक दिसलं. हे मूळ आहे की फुलाचा दांडा? फोटो टाकलेत. पानं वीतभर लांब, दोन बोटं रुंद, जाड, चामड्यासारखी. टोकाला खाच आहे आणि खाचेची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित लांब.

तांबडा_पांढरा | ४ मे

ताई, मूळ असणार बघा. आमच्यातल्या आमरीला दरवर्षी असंच टोक येतं, मी गल्लीभर सांगत सुटतो फूल येणार म्हणून, आणि शेवटी येतं काय, तर मूळ. आई आता विचारायची पण बंद झालीय.

वनस्पती_मास्तर | ५ मे

मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, पॉलिश केल्यासारखं चकाकतं, आणि ते जसं पुढं सरकतं तशी मागून पांढरट राखाडी साल चढत जाते. त्या सालीला वेलामेन म्हणतात. कोरडी असताना चंदेरी दिसते, पाणी पडलं की भिजून पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो.

दांड्याचं टोक चपटं असतं आणि त्यावर खवल्यासारखी झाकणं एकावर एक बसलेली असतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत असं एक झाकण स्वच्छ दिसतंय. दांडाच आहे, अभिनंदन. आता एक करा: तुकडा जागचा हलवू नका. उजेडाची दिशा बदलली की दांडा वळसे घेत वाढतो, आणि कळ्या धरल्यावर जागा बदलली तर त्या पिवळ्या पडून गळतात.

गच्चीवरची | ५ मे

दांडा! सर, तोंडात साखर पडो तुमच्या. आता नाव सांगा.

वनस्पती_मास्तर | ५ मे

नाव फूल सांगेल. मी आत्ता सांगितलं तर तो अंदाज होईल.

पुण्यातली_कोल्हापुरी | ६ मे

फोनमधल्या ॲपला तुमचा फोटो दाखवला. पहिल्यांदा म्हणालं व्हँडा, दुसऱ्यांदा फॅलेनॉप्सिस, तिसऱ्यांदा कोरफड. 😄

पन्हाळ_वारा | ६ मे

ॲप कशाला पाहिजे? ही सीतेची वेणी, ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आंबा घाटात, गगनबावड्याकडं जूनमध्ये झाडाझाडांवर शेपट्या लोंबताना बघितल्यात. पानं सेम. आसामचं राज्यफूल आहे हे, तिकडं बिहूला पोरी केसात माळतात. ताई, तुमच्या दारात जॅकपॉट लागलाय.

घाटमाथा | ६ मे

सेम म्हणजे कशी सेम? पट्ट्यासारखी जाड, दोन ओळींत समोरासमोर लागणारी पानं आपल्या घाटात निदान चार-पाच आमऱ्यांना असतात. व्हँडा टेसेलाटा, सीतेची वेणी, एरिडीस मॅक्युलोसा, एरिडीस क्रिस्पा. फूल नसताना यांची ढिगानं गफलत होते. आणि फुलायचा हंगामही सगळ्यांचा मागंपुढं तोच, उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत. महिन्यावरून नाव ठरत नाही.

पन्हाळ_वारा | ६ मे

मग मास्तरांसारखं गप्प बसून राहायचं का? अंदाज बांधायला काय पैसे पडतात?

वनस्पती_मास्तर | ७ मे

बांधू की अंदाज, पण पानाला धरून बांधू. ताई, एवढं तपासून सांगा. पान आडवं कापलं तर काप कसा दिसेल, इंग्रजी व्ही सारखा घडी पडलेला, पन्हळीसारखा खोलगट, की जवळजवळ सपाट? पानावर उभ्या फिकट रेघा आहेत का? टोकाची खाच गोलसर आहे की उंदरानं कुरतडल्यासारखी दातेरी? आणि खोड किती लांब आहे?

(पान खरोखर कापू नका. अंगठ्यानं चाचपून कळतं.)

गच्चीवरची | ७ मे

पान जवळपास सपाट आहे, मधोमध थोडी घळ. बुडाशी मात्र घडी आहे. उभ्या रेघा नाहीत, एकसारखा हिरवा रंग, उन्हाच्या बाजूला थोडी जांभळट झाक. टोकाची खाच गोलसर, दोन्ही पाळ्या बोथट. खोड आखूड, जाडजूड. पानं एकमेकांत गच्च बसलीत.

वनस्पती_मास्तर | ७ मे

मग व्हँडा टेसेलाटा बाजूला ठेवू. तिचं पान अरुंद, चांगलंच घडी पडलेलं, टोकाला दाते. खोड लांबत जातं आणि बाजूनं सुतळीसारखी मुळं सुटतात. सीतेच्या वेणीचं पान पन्हळीसारखं, टोक कुरतडल्यासारखं, आणि बहुतेक वेळा अंगावर फिकट उभ्या रेघा. तुमचं वर्णन तिकडंही नीट बसत नाही. माझा कल एरिडीसकडं आहे. पण पुन्हा सांगतो, कल. सावलीतलं पान आणि उन्हातलं पान एकाच झाडाचं असलं तरी वेगळं दिसतं, आणि तुमचं झाड आंब्यावरून उतरून भिंतीवर आलंय.

पन्हाळ_वारा | ७ मे

बघू की. जूनमध्ये बोलू.

धागा_राखणदार | ८ मे

एक आठवण करून देतो, कारण दरवर्षी मे-जूनमध्ये ही चर्चा निघाली की कुणीतरी पिशवी घेऊन दाजीपूरला निघतं. दाजीपूरचं जंगल राधानगरी अभयारण्यात येतं, तिथून रोपच काय, पडलेली फांदीही उचलायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिवाय जगातल्या सगळ्या आमऱ्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यामुळं त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंधन आहे. गच्चीवरची यांनी स्वतःच्या नात्यातल्या शेतातली, सरपणाला जाणारी फांदी वाचवली आहे, त्यांच्याबद्दल हे नाही.

तांबडा_पांढरा | ८ मे

आणि घाटात रस्त्याच्या कडेला झाडावरनं ओरबाडून तीनशे-चारशेला विकायला बसतात त्यांच्याकडनं घेऊ नका. मुळं तुटलेली असतात, दोन-तीन महिने पानांतल्या पाण्यावर जगतं आणि मग सुकतं. पैसे पण गेले, झाड पण गेलं.

गच्चीवरची | १९ मे

अपडेट. दांडा बोटाएवढा झालाय आणि खाली झुकायला लागलाय. बारीक कळ्या दिसतात, हिरव्या, मोहरीएवढ्या. पण दोन प्रश्न आहेत. एक, दांड्याला बुडापासून थोड्या अंतरावर एक छोटा फाटा फुटलाय, हे बरोबर आहे का? दुसरं, दांड्यावर मुंग्यांची रांग लागलीय. औषध मारू का?

घाटमाथा | १९ मे

फाटा!! मास्तर, बघा.

वनस्पती_मास्तर | १९ मे

बघितला. पन्हाळ_वारा यांनी पण बघावा. सीतेच्या वेणीचा दांडा बिनफाट्याचा असतो. एकच दंडगोल घोस, शंभराहून जास्त फुलं दाटीवाटीनं, दांडा दिसणार नाही इतकी गच्च. तुमच्या दांड्यावर कळ्यांमध्ये अंतर आहे आणि फाटाही आहे. एरिडीसमध्ये असा फाटा फुटतो, मॅक्युलोसामध्ये तर वारंवार.

मुंग्यांना औषध नको. बऱ्याच आमऱ्यांच्या कळ्यांवर, देठांवर गोड थेंब सुटतात, त्यावर मुंग्या येतात. त्या कळी खात नाहीत. फक्त भिंग घेऊन देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका आहे का ते बघा. असेल तर तो पिठ्या ढेकूण, आणि मुंग्या त्याची राखण करतायत. कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा.

गच्चीवरची | २० मे

पुंजका नाही, नुसता चिकट थेंब आहे. चाखून बघितला. गोड आहे. 🙈

पुण्यातली_कोल्हापुरी | २० मे

ताई!!

पन्हाळ_वारा | २१ मे

एका फाट्यावरून कोर्टाचा निकाल लावू नका. खतपाणी जास्त झालं की झाडं काहीही करतात.

गच्चीवरची | २१ मे

खत म्हणाल तर १९:१९:१९ चिमूटभर, तेही लिटरभर पाण्यात, आणि आठवण झाली तर. बाकी नुसतं पाणी. सालीवर बांधलेलं आहे, माती नाही, कोकोपीट नाही.

घाटमाथा | २१ मे

झकास. कोळसा, विटेचे तुकडे, नारळाचं सोडण, लाकूड, काहीही चालतं, फक्त मुळांना वारा लागला पाहिजे. लोक प्रेमानं काळ्या मातीत लावतात आणि पहिल्या पावसात मुळं कुजतात.

आणखी एक, आता वळीव सुरू झालाय. रात्री टॉर्च घेऊन दांडा बघत जा. गोगलगायींना कोवळा दांडा फार आवडतो, एका रात्रीत शेंडा सफाचट. टांगलेलं असलं तरी भिंतीवरनं येतात. कळ्या धरलेला दांडा गोगलगायीनं नेला की माणसाला रडू फुटतं.

धामोडची_सून | २४ मे

मी रोज वाचते, लिहिते पहिल्यांदाच. आमच्या सासरी घरामागच्या जांभळावर असंच आहे, मृगाच्या आसपास फुलतं. सासूबाई त्याचा घोस देवीला वाहतात. त्या त्याला वेणीच म्हणतात. पण त्याला फाटा असतो का ते कधी बघितलं नाही. आता बघेन.

वनस्पती_मास्तर | २४ मे

नक्की बघा आणि फोटो टाका. गावाकडं लोंबणाऱ्या गुलाबी घोसाला सरसकट वेणी म्हणतात, त्यामुळं सासूबाईंचं चुकीचं नाही. फुलल्यावर एक फूल बाजूनं, आडवं धरून फोटो काढा. समोरून काढलेल्या फोटोत सगळी छान दिसतात आणि ओळख पटत नाही.

तांबडा_पांढरा | २ जून

ताई, काय झालं? धागा थंड पडला. मृग निघायला आला.

गच्चीवरची | ३ जून

कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्यात. हिरवा रंग जाऊन फिकट गुलाबी, वर जांभळे ठिपके. एक गंमत दिसली: कळीचा देठ पिळलेला आहे, कपडे पिळतो तसा. आधी सरळ होता, दोन-तीन दिवसांत हळूहळू पिळला. हे काय?

वनस्पती_मास्तर | ३ जून

ताई, तुम्ही चांगलं टिपलंत. आमरीच्या फुलात तीन बाह्यदलं आणि तीन पाकळ्या. त्यातली एक पाकळी वेगळी असते, तिला ओठ म्हणतो. कीटक त्याच्यावर उतरतो. कळीत हा ओठ वरच्या बाजूला असतो. उमलण्याआधी देठाला पीळ पडून कळी फिरते आणि ओठ खाली येतो, कीटकाला उतरायला फळी तयार. बहुतेक आमऱ्यांमध्ये असं होतं. पीळ पडला म्हणजे उमलायला फार दिवस नाहीत.

आता फोटोंची तयारी करून ठेवा. समोरून एक. बाजूनं एक, त्यात ओठाच्या मागची पिशवी दिसली पाहिजे, तिला शुंडिका म्हणतात. फुलामागं काळी छत्री उघडून धरा, फिकट रंग उठून दिसतो. शेजारी मोजपट्टी. फ्लॅश नको. आणि पूर्ण घोसाचा एक.

घाटमाथा | ३ जून

शुंडिका कुठल्या दिशेला वळलीय हे बघायचं असतं. सीतेच्या वेणीत ती मागं जाते, बाजूंनी दाबलेली असते आणि ओठ अखंड. एरिडीसमध्ये ती पुढं, ओठाच्या खाली वळते आणि ओठाला तीन पाळ्या. हा एक फोटो नीट आला की एका मिनिटात फैसला.

गच्चीवरची | ११ जून

उमललं!!! खालची पाच फुलं उघडलीत, बाकीची शेंड्याकडं कळीतच. सकाळी दार उघडलं तर जिना दरवळत होता. काल रात्रभर पाऊस होता, म्हणून आधी वाटलं शेजारची रातराणी.

मोजलं: फूल आडवं दोन सेंटिमीटरच्या किंचित वर. पाकळ्या पांढरट गुलाबी, त्यावर जांभळे ठिपके. ओठ गडद गुलाबी-जांभळा, मधली पाळी रुंद, पानासारखी. बाजूच्या पाळ्या शोधाव्या लागतात इतक्या बारक्या. शुंडिका आखूड, टोकाला हिरवट, आणि पुढं वळलेली. सहा फोटो टाकलेत, छत्रीसकट.

घाटमाथा | ११ जून

एरिडीस! चला, वेणी बाद. आता मॅक्युलोसा की क्रिस्पा? मी क्रिस्पा म्हणतो. रंग बघा ओठाचा.

वनस्पती_मास्तर | ११ जून

रंगावर जाऊ नका, दोन्हींत गुलाबी-जांभळा असतो. ओठाची कड बघा. क्रिस्पाच्या मधल्या पाळीला कातरलेली झालर असते, फूल मोठं असतं, खोड लांब वाढतं. ताईंच्या चौथ्या फोटोत कड थोडी लहरी आहे, पण झालर नाही. फूल लहान, खोड आखूड, पाकळ्यांवर ठिपके भरपूर. एरिडीस मॅक्युलोसा. जॉन लिंडलीनं १८४५ मध्ये हिचं वर्णन केलं. ही आपल्या भारतीय द्वीपकल्पातलीच आहे, बाहेर कुठं रानात सापडत नाही. सीतेची वेणी मात्र पार फिलिपिन्सपर्यंत पसरलेली, आणि लिनियसनं १७५३ मध्येच तिची नोंद केली होती, एपिडेंड्रम या नावाखाली.

घाटमाथा | ११ जून

मोठा करून बघितला फोटो. झालर नाही हे खरं. मान्य.

पन्हाळ_वारा | १२ जून

फूल झकास आहे, नाव काहीही असो. पण वेणी आपल्याकडं जूनमध्येच फुलते एवढं तरी माझं धरा.

तांबडा_पांढरा | १२ जून

धरलं भावा. मिसळ तुझ्याकडं लागली. 😄

गच्चीवरची | १२ जून

सर, एक फूल उघडून बघू का आत काय असतं ते? शाळेत जास्वंद उघडायचो तसं.

वनस्पती_मास्तर | १२ जून

एकच. टूथपिक घ्या. ओठाच्या वर मधोमध जाडसर खांब दिसेल, त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र झालेले असतात. त्याच्या टोकावर छोटी टोपी आहे. टूथपिक खालून वर हलकी टेकवत आणा. टोपी उचलली जाईल आणि टूथपिकला पिवळे दोन गोळे चिकटून येतील, बारक्या देठासकट. परागकण सुटे नसतात, असे गठ्ठ्यानं असतात. मधमाशीच्या डोक्याला हे चिकटतात आणि पुढच्या फुलात जातात. गोळे काढले की ते फूल लवकर कोमेजतं, म्हणून एकच.

ही खूण एरिडीस, व्हँडा, वेणी तिघींत सारखीच, ओळखीला उपयोग नाही. पण बघण्यासारखी आहे.

गच्चीवरची | १३ जून

बघितलं. पोरं शेजारच्या पोरांना बोलवून आणतायत. टूथपिक झटकली तरी पडत नाहीत ते गोळे, फेविकॉलनं बसवल्यासारखे.

धामोडची_सून | १४ जून

आमच्या जांभळावरचं फुललं! फाटा नाही. घोस हातभर लांब, फुलं इतकी गच्च की दांडा दिसत नाही. ओठाला पाळ्या नाहीत, पिशवी मागं गेलीय. फोटो टाकलाय.

वनस्पती_मास्तर | १४ जून

ही सीतेची वेणी. शंभर टक्के. सासूबाईंना नमस्कार सांगा.

पन्हाळ_वारा | १४ जून

🙏🙏 कोण म्हणत होतं वेणी बाद?

पुण्यातली_कोल्हापुरी | १५ जून

ताई, फुलं किती टिकतील? आणि बी धरू द्यायचं का?

वनस्पती_मास्तर | १५ जून

दोन-तीन आठवडे टिकावीत, थेट पावसाचा मारा लागू दिला नाही तर. बी धरायचं असेल तर मधमाशीवर सोडा. शेंग पिकायला बरेच महिने लागतात आणि झाडाची ताकद त्यात जाते, त्यामुळं लहान झाडाला एखादीच ठेवावी. बी पिठासारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो, रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते. कुंडीत टाकून उगवत नाही. प्रयोगशाळेत बाटलीत उगवतात. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे, पावसाळ्यात परवानगी घेऊन जाऊन बघण्यासारखी आहे.

शेंग पिकली तर मामाच्या त्याच आंब्यावर नेऊन उडवा, बुंध्याच्या खडबडीत सालीवर. तिथं बुरशी असायची शक्यता सगळ्यात जास्त.

गच्चीवरची | १५ जून

मामाला फोन केला. म्हणाला, त्या आंब्यावर अजून चार-पाच आहेत, मी सरपण समजून बघितलंच नव्हतं कधी. आता कुणाला फांदी तोडू देत नाही म्हणाला.

तांबडा_पांढरा | १७ जून

मास्तर, माझ्याकडची ती मुळंच मुळं येणारी... पानं पेन्सिलीसारखी गोल आहेत तिची. ही पण एरिडीस का?

वनस्पती_मास्तर | १७ जून

गोल पानं म्हणजे एरिडीस नाही. लुइसिया असू शकेल. तिची फुलं पानाच्या बगलेत अगदी चिकटून येतात, बारकी, गडद तांबूस-जांभळ्या ओठाची. लांब दांडा नसतोच, त्यामुळं कदाचित तुमच्याकडं ती फुलून गेली असेल आणि तुम्ही दांड्याची वाट बघत बसला असाल. वेगळा धागा काढा, आणि पहिल्याच पोस्टमध्ये मोजपट्टी ठेवून फोटो टाका.